पट्टी प्रोग्राम : शॉर्टकटच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आडत दुकानाचा पट्टी प्रोग्राम आजपासून माझ्याकडे. मराठवाड्यातलं धान्याचं दुकान, सोयाबीनचा हंगाम, दिवसभर आवक चालू. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, डाग, वजन, भाव एवढं भरायचं. हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशोब, छापायची. प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, विंडो पायसाइड६ म्हणजे क्यूटी या विंडो बनवायच्या लायब्ररीच्या. हिशोबाचा भाग बरा लिहिलाय, त्याला हात लावणार नाही. शेठची मागणी एकच: "माऊस नको. दिवाणजींचा हात कीबोर्डवरून निघाला की गिऱ्हाईक ताटकळतं."

मशिनं दोन. एकावर विंडोज ११. दुसरं जुनं, त्याला विंडोज ११ झेपत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलंय. दिवाणजी नेमके याच मशिनवर बसतात, त्यामुळे दोन्हीकडे सारखं चालायला हवं.

सध्याची रचना अशी: मुख्य विंडोच्या कीप्रेस-इव्हेंटमध्ये (कळ दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) इफ-एल्सची लांबलचक साखळी. बटणांना वेगळी फंक्शनं जोडलीत, मेनूला वेगळी. पट्टी छापायचे तीन रस्ते आणि तिन्हींतली तपासणी निराळी. बटण दाबलं तर शून्य वजनाची पट्टी अडते, कळीने छापली तर खुशाल बाहेर पडते. शिवाय विंडोच्या कीप्रेसपर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. कर्सर ज्या रकान्यात आहे त्याला कळ आधी मिळते. त्याने नाकारली तरच ती वर सरकते. म्हणूनच दुकानातल्या ताईंची तक्रार आहे की शॉर्टकट "कधी कधी" चालतो. तो कधी कधी चालत नाही, कर्सर कुठे आहे त्यावर चालतो.

ठरवलं: साखळी पूर्ण काढायची. प्रत्येक कामाची एक क्यूॲक्शन, म्हणजे क्यूटीतली एका कमांडची वस्तू. नाव, चिन्ह, शॉर्टकट, चालू-बंद स्थिती सगळं तिच्यातच. मेनू, टूलबार आणि बटण यांनी तिलाच हाक मारायची. कळ फंक्शनला जोडायची नाही, कमांडला जोडायची. मग छापायचा रस्ता एकच उरतो आणि शून्य वजनाची तपासणीही एकाच ठिकाणी बसते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारपर्यंत दुकानात बसून नुसतं पाहिलं. दिवाणजींची उमर टॅली या हिशोबाच्या प्रोग्रामवर गेली आहे. ते स्क्रीनकडे क्वचित बघतात, नजर काट्याच्या चिठ्ठीवर. आमच्या प्रोग्राममध्येही त्यांचं बोट आपोआप एफ८ वर जातं, कारण टॅलीत विक्रीचं व्हाउचर एफ८ वर, खरेदीचं एफ९ वर, पेमेंट एफ५, रिसीट एफ६, तारीख एफ२. जुन्या प्रोग्राममध्ये एफ५ म्हणजे यादी ताजी करणे. दिवाणजी उचल द्यायला एफ५ दाबतात, यादी एकदा लुकलुकते, आणि ते पुन्हा दाबतात.

त्यामुळे कळा मी ठरवणार नाही, त्यांच्या बोटांनी आधीच ठरवल्या आहेत. यादी अशी केली: सौदा एफ८. उचल म्हणजे शेतकऱ्याला दिलेली रक्कम, तर ती एफ५. उचलीची परतफेड एफ६. तारीख एफ२. नवा शेतकरी ऑल्ट+सी, कारण टॅलीत नवं लेजर तसंच उघडतं. यादी ताजी करायला शॉर्टकटच नको. नोंद जतन झाली की ती आपोआप व्हायला हवी.

एक गोष्ट जमणार नाही. टॅलीत कालावधी बदलायला ऑल्ट+एफ२ आहे. मिंटवर ऑल्ट+एफ२ म्हणजे कमांड लिहायची चौकट. ती डेस्कटॉपच उघडतो, कळ आपल्या विंडोपर्यंत येतच नाही. डेस्कटॉपची सेटिंग बदलून सोडवता येईल, पण उद्या मशिन बदललं की पुन्हा तेच. कालावधीसाठी दुसरी कळ द्यायची.

खरी अडचण कंट्रोल+ए ची. टॅलीत ते दाबलं की व्हाउचर स्वीकारलं जातं. दिवाणजी शेवटच्या रकान्यात भाव टाकतात आणि न बघता कंट्रोल+ए मारतात. आपल्याकडे काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं: भावाच्या रकान्यात ४,३५० होते, कंट्रोल+ए ने आकडा निळा झाला, जतन काहीच झालं नाही, आणि पुढच्या गाडीचा पहिला आकडा पडताच ४,३५० गेले. दिवाणजी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, हा तुमचा प्रोग्राम लिहिलेलं पुसतो."

शेजारच्या मशिनवरच्या ताईंनी लगेच हरकत घेतली. "सर, कंट्रोल+ए म्हणजे सिलेक्ट ऑल. एमएस-सीआयटीला तेच शिकवलंय. सेव्ह कंट्रोल+एस."

दोघांचंही बरोबर आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या कमांडच्या ॲक्शन तयार झाल्या. एक लक्षात ठेवण्यासारखं: ॲक्शन बनवली, शॉर्टकट दिला, पण कुठल्याच विंडोला किंवा मेनूला जोडली नाही, तर ती मुकी राहते. चूक दाखवत नाही, इशाराही देत नाही. मेनूत न दिसणाऱ्या कमांडसाठी विंडोच्या ॲड-ॲक्शनने ती हाताने जोडावी लागते.

उरलेला वेळ कंट्रोल+ए मध्ये गेला. जतनच्या ॲक्शनला सेट-शॉर्टकट्सने दोन्ही कळा दिल्या, कंट्रोल+एस आणि कंट्रोल+ए. कंट्रोल+एस लगेच चालू झालं. कंट्रोल+ए रकान्यात कर्सर असेपर्यंत काही केल्या विंडोपर्यंत पोचेना, आणि या विंडोत कर्सर कायम कुठल्या ना कुठल्या रकान्यातच असतो.

कारण क्यूटीच्या क्रमात आहे. कळ दाबली की आधी शॉर्टकट-ओव्हरराइड नावाचा इव्हेंट फोकस असलेल्या विजेटला, म्हणजे कर्सर ज्या रकान्यात आहे त्याला, जातो. म्हणजे विचारणा: ही कळ तुला स्वतःला हवी आहे का? विजेटने हो म्हटलं तर शॉर्टकटची यादी उघडलीच जात नाही, कळ साधी कळ म्हणून त्याला मिळते. नाही म्हटलं तर शॉर्टकट शोधला जातो, आणि तोही नसेल तर कीप्रेस. क्यूलाइनएडिट, म्हणजे एका ओळीचा रकाना, स्वतःच्या हक्काच्या कळांना हो म्हणतो: कॉपी, पेस्ट, अंडू, सिलेक्ट ऑल आणि साधी अक्षरं. हे योग्यच आहे. नाहीतर कोणी नुसत्या 'एन' ला नवी आवक जोडली असती तर गावाचं नाव लिहिताना दर 'एन' ला नवी विंडो उघडली असती.

उपाय छोटा आहे. आवक विंडोतल्या रकान्यांवर एक इव्हेंट फिल्टर, म्हणजे इव्हेंट रकान्याच्या आधी बघणारा कोड, बसवला. शॉर्टकट-ओव्हरराइड आला आणि कळ कंट्रोल+ए असेल तर इव्हेंट इग्नोर करायचा आणि फिल्टरने ट्रू परत करायचं. रकान्याला विचारणा पोचतच नाही, त्यामुळे तो हो म्हणू शकत नाही, आणि शॉर्टकटची पाळी येते. कीप्रेसला फिल्टरमध्ये हात लावलेला नाही.

ताईंचं काय? त्यांनी सवयीने सगळं निवडायला कंट्रोल+ए मारलं आणि अर्धी पट्टी जतन झाली तर ते जास्त वाईट. आधी वाटलं, नोंद पुरी होईपर्यंत जतनची ॲक्शन बंद ठेवावी. पण बंद ॲक्शनचा शॉर्टकट यादीतून उठतो आणि कळ पुन्हा रकान्याकडे जाते. म्हणजे नोंद अर्धी असेल तर सिलेक्ट ऑल, पुरी असेल तर जतन. एकाच कळीचे दोन अर्थ, आणि कोणता लागू आहे हे स्क्रीनकडे बघितल्याशिवाय कळणार नाही. दिवाणजी तर बघतच नाहीत. हा रस्ता सोडला. कंट्रोल+ए ने जतन ही सेटिंग माणसागणिक ठेवली. दिवाणजींच्या लॉगिनला ती चालू, ताईंच्या लॉगिनला बंद. बंद असताना फिल्टर बसतच नाही.

दिवाणजींना सिलेक्ट ऑल गमावल्याचं दुःख नाही. टॅबने रकान्यात शिरलं की क्यूटी आतला मजकूर आपोआप निवडतो, तेवढं त्यांना पुरतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कमांड बंद ठेवायची की चालू, यावर कालपासून विचार. माऊसवाल्याला राखाडी बटण दिसतं, तो समजतो. कीबोर्डवाल्याने बंद कमांडची कळ दाबली की काहीच होत नाही, आणि कळ नीट दाबली गेली नाही असं समजून तो आणखी जोरात दाबतो. म्हणून या प्रोग्रामपुरता नियम: जतन, छाप, सौदा या कमांड कधीच बंद करायच्या नाहीत. वजन रिकामं असेल तर कमांड चालावी, खाली लाल ओळीत "वजन राहिलं" असं म्हणावं आणि कर्सर वजनाच्या रकान्यात नेऊन ठेवावा. बहुतेक पुस्तकी सल्ला याच्या उलटा असतो. तो माऊस धरून दिलेला आहे.

एफ२: सौद्याच्या तक्त्यात एफ२ म्हणजे चौकट बदलायला उघडणे, ते क्यूटीचं मूळचं वागणं. विंडोला एफ२ शॉर्टकट दिल्यावर तक्त्याला ती मिळायची बंद झाली, कारण तक्ता ओव्हरराइडला हो म्हणत नाही. इथे तक्रार नाही. तक्त्यात सरळ आकडा टाकायला लागलं तरी चौकट उघडतेच.

एफ१० कशालाच नाही दिली. विंडोजवर ती मेनूबार जागा करते, तिच्या वाटेला जाऊ नये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एंटर. यावर एवढा वेळ जाईल असं वाटलं नव्हतं.

दिवाणजी सगळे आकडे उजवीकडच्या नमपॅडवर टाकतात, म्हणून एंटरही तिथलाच. क्यूटीच्या लेखी मोठा एंटर म्हणजे की-रिटर्न आणि नमपॅडचा म्हणजे की-एंटर, या दोन वेगळ्या कळा. जुन्या कोडमध्ये "एंटर दाबला की पुढचा रकाना" हे फक्त रिटर्नला बांधलेलं होतं. ताईंच्या हातून ते चालायचं, दिवाणजींच्या हातून नाही, आणि दुकानात समज असा पसरला होता की दिवाणजींचा कीबोर्ड खराब आहे. कीबोर्ड एकदा बदलूनही झाला. आता जिथे जिथे एक तिथे दुसरीही दिली. "सौदा पक्का" ही कमांड कंट्रोल+एंटरवर आहे, तिलाही दोन्ही.

पुढच्या रकान्यात जायला फोकस-नेक्स्ट-चाइल्ड वापरतोय, त्यामुळे टॅब मारल्यासारखाच परिणाम होतो आणि मजकूर निवडलेला मिळतो.

उचलीच्या डायलॉगमध्ये वेगळाच प्रकार. क्यूडायलॉगमधली पुशबटणं आपणहून ऑटो-डिफॉल्ट असतात. रकमेच्या रकान्यात एंटर मारला की त्यांच्यातलं पहिलं बटण दाबलं जातं, आणि इथे पहिलं बटण "रद्द" होतं. रक्कम टाकून एंटर मारला की डायलॉग गायब. सगळ्या बटणांचं ऑटो-डिफॉल्ट काढलं, "उचल नोंदवा" एवढंच डिफॉल्ट ठेवलं.

दिवाणजी कळ दाबत नाहीत, दाबून ठेवतात. जुन्या टाइपरायटरची सवय असावी. ॲक्शनचा ऑटो-रिपीट मूळचा चालू असतो. कंट्रोल+पी धरून ठेवला तर डॉट मॅट्रिक्सला एकाच पट्टीच्या प्रतींमागून प्रती जातात. छाप, जतन, सौदा, उचल, नवा शेतकरी या सगळ्यांचा ऑटो-रिपीट बंद केला. मागची-पुढची पट्टी बघायच्या कमांडला चालू ठेवला, तिथे कळ धरून सरसर मागे जाणं सोयीचं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल दोन्ही मशिनवर नवी आवृत्ती टाकली. आज सकाळी दुकान उघडताच फोन. "भाऊ, एफवाले सगळे चालतात. कंट्रोलवाला एकही चालंना. तिकडं ताईंच्या मशिनवर सगळं चालतंय."

रिमोटने लिनक्सच्या मशिनवर गेलो आणि येणारी प्रत्येक कळ फाइलमध्ये लिहून घेतली. दिवाणजींना म्हटलं, कंट्रोल+ए दाबा. फाइलमध्ये कंट्रोल दिसला, पण कळ 'ए' नव्हती. तिचा आकडा २३७९. सोळाच्या पायात ९४बी, म्हणजे युनिकोडमधली ओकाराची मात्रा. कंट्रोल+पी ला 'ज' आला. दिवाणजी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर टाइप करतात, आणि इनस्क्रिप्टमध्ये ए च्या जागी ो आहे, पी च्या जागी ज, एस च्या जागी े. क्यूटीला मिळत होतं "कंट्रोल+ो". तसा शॉर्टकट जगात कोणी दिलेला नाही.

तरीही कोडं सुटलं नाही, कारण माझ्या लिनक्सवरही इनस्क्रिप्ट आहे आणि तिथे चालतं. म्हणून क्यूटीचं वागणं तपासलं. कंट्रोलसोबत आलेलं अक्षर लॅटिन नसेल तर क्यूटी यादीतल्या बाकीच्या कीबोर्ड मांडण्यांमध्ये त्याच जागी कोणतं लॅटिन अक्षर आहे ते शोधतो आणि ते धरतो. माझ्याकडे यादीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही. दिवाणजींच्या मशिनवर सेटएक्सकेबीमॅप या कमांडने विचारलं तर यादीत मांडणी एकच, भारतीय. इंग्रजी नाहीच. मग शोधणार कुठे?

चौकशी केली. नाव लिहिता लिहिता चुकून भाषा बदलायची कळ लागायची आणि निम्मं गाव इंग्रजीत उमटायचं. कंटाळून शेठच्या भाच्याने इंग्रजी काढूनच टाकलं. आकडे नमपॅडवरून येतात, नावं मराठीत. कुणाचं काही अडलं नाही. त्या मशिनवर कॉपी-पेस्टही तेव्हापासून बंद होतं, पण ते तिथे कोणी वापरत नाही.

उपाय: यादीत इंग्रजी पुन्हा दुसऱ्या क्रमांकाला टाकलं आणि भाषा बदलायची कळ स्क्रोल लॉकवर नेली. तिथे चुकून बोट जात नाही. कंट्रोलवाले सगळे लगेच चालू झाले, मराठी मांडणी चालू असतानाही.

दुसरा उपायही लिहून पाहिला: नेटिव्ह-स्कॅन-कोडवरून कळ ओळखायची. अक्षर कोणतंही उमटो, कळीची जागा बदलत नाही. लिनक्सवर ए ३८, एस ३९, पी ३३. सगळ्या अक्षरांचा तक्ता, त्यावरून ॲक्शन शोधायची आणि ट्रिगर करायची. चालतं. तरी ठेवलं नाही. असं केलं की कोणती कळ काय करते हे दोन ठिकाणी ठरायला लागतं. क्यूटीची चालू विंडो, बंद ॲक्शन, ऑटो-रिपीट ही सगळी तपासणी त्या तक्त्याला पुन्हा लिहावी लागते, आणि विंडोजसाठी स्कॅन कोड वेगळे. ती इफ-एल्सची साखळी मागच्या दाराने परत आणल्यासारखं होईल. त्याऐवजी प्रोग्राम सुरू झाल्यावर इंग्रजी मांडणी यादीत आहे का ते एकदा पाहतो, नसेल तर विंडोच्या खालच्या ओळीत स्वच्छ सांगतो.

विंडोजवर हा घोळ का नाही तेही पाहून घेतलं. तिथे इनस्क्रिप्ट चालू असतानाही कळीचा व्हर्च्युअल कोड ए ते झेड असाच राहतो आणि क्यूटी तो राखीव म्हणून वापरतो. पण फक्त अक्षरं आणि आकड्यांपुरता. कंट्रोल+स्लॅश किंवा कंट्रोल+चौकटी कंस अशा विरामचिन्हांच्या शॉर्टकटला ही सवलत नाही. इनस्क्रिप्टमध्ये त्या जागी य आणि ड आहेत. शोधसाठी कंट्रोल+स्लॅश ठेवायचा बेत होता, तो सोडला. कंट्रोल+एफ बरा.

ताई मराठी फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे, लिहितात. तिथे कळ इंग्रजीच असते, अक्षर नंतर बदलतं, त्यामुळे त्यांना हा प्रश्न कधी शिवला नसता. इनस्क्रिप्ट मात्र १९९१ च्या भारतीय मानकात बसलेली मांडणी आहे. ती शिकलेला माणूस तीच वापरणार. तिच्यावर शॉर्टकट चालतो की नाही हे मराठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी बघावं. पायथॉनच्या टीकेइंटर या दुसऱ्या विंडो-लायब्ररीत तर इंग्रजी यादीत असूनही कंट्रोल+एस बसत नाही, कारण तिथे बांधणी उमटणाऱ्या अक्षराशीच असते. त्या मानाने क्यूटी पुष्कळ समजूतदार.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मेनूतली अधोरेखित अक्षरं. जुन्या कोडमध्ये "जतन करा" च्या ज आधी अँपरसँड आहे, म्हणजे शॉर्टकट ऑल्ट+ज. इंग्रजी मांडणीत ज उमटतच नाही, त्यामुळे तो बाद. इनस्क्रिप्टमध्ये ज पी वर, फोनेटिकमध्ये कळ इंग्रजीच राहते म्हणून तिथेही तो बाद. एकच मेनू, दिवाणजींना चालतो, ताईंना नाही. मराठीत आणलेल्या जुन्या लिनक्स प्रोग्रामांमध्ये नावापुढे कंसात एक इंग्रजी अक्षर टाकून तेच अधोरेखित करायची रीत आहे. दिसायला ओबडधोबड, पण चालते. तीच घेतली, तीही फक्त वरच्या मेनूंना. आतल्या ओळींना कंसाची गरज नाही, त्यांच्यासमोर खरा शॉर्टकट छापलेला दिसतो.

एक अट पाळली: ऑल्ट+सी नव्या शेतकऱ्यासाठी राखीव आहे, म्हणून कोणत्याही मेनूला सी द्यायचा नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उचलीचा डायलॉग काढून तो मुख्य विंडोतच उजवीकडे पॅनेल म्हणून घेतला, शेठच्या सांगण्यावरून. लगेच कंट्रोल+पी बंद पडला. टर्मिनलवर ओळ: "अँबिग्युअस शॉर्टकट ओव्हरलोड". पट्टी छाप आणि उचलीची पावती छाप, दोघींना कंट्रोल+पी. वेगळ्या विंडो होत्या तोवर चालू विंडोवरून निवाडा व्हायचा. आता विंडो एक, दावेदार दोन. अशा वेळी क्यूटी दोघींपैकी कोणालाच चालवत नाही.

पॅनेलच्या ॲक्शनचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे शॉर्टकट कुठवर लागू ती हद्द, "विजेट आणि त्याची मुलं" असा केला. तरी भांडण मिटलं नाही. कर्सर पॅनेलमध्ये असताना पॅनेलची ॲक्शन लागू आहेच, पण विंडोची ॲक्शनही सगळ्या विंडोभर लागू आहे. जवळचा दावा मोठा, असं क्यूटी मानत नाही. दोघींनाही आपापल्या पॅनेलपुरतं बांधलं, तेव्हा मिटलं. आता डावीकडे कर्सर असेल तर पट्टी, उजवीकडे असेल तर पावती. कोणतं पॅनेल चालू आहे ते कळावं म्हणून त्याच्या शीर्षकाला गडद पट्टी दिली. एवढं स्क्रीनकडे बघणं दिवाणजींना मान्य आहे.

याच सुमारास शेठनी जागा हवी म्हणून मेनूबार लपवायला सांगितला. लपवला, आणि फक्त मेनूत असलेल्या कमांडचे शॉर्टकट त्याच्यासोबत गेले. ज्या विजेटला ॲक्शन जोडली ते दिसत नसेल तर शॉर्टकट धरला जात नाही. सगळ्या ॲक्शन विंडोलाही जोडून टाकल्या. एकाच ॲक्शनला दोन जागी जोडल्याने अँबिग्युअस होत नाही, ते दोन वेगळ्या ॲक्शनमध्येच होतं. फक्त दोन्ही छाप-ॲक्शन यातून वगळल्या, त्या आपापल्या पॅनेललाच.

३ डिसेंबर, बुधवार

शेठचा लॅपटॉप. एफ८ दाबलं की आवाज वाढतो. लॅपटॉपच्या वरच्या ओळीत आधी आवाज-उजेड, एफ कळा एफएन धरून. बायोसमध्ये उलटवता येतं, उलटवलं.

त्यावरून शेठ म्हणाले, ज्याने त्याने आपापल्या कळा ठरवाव्यात अशी सोय द्या. क्यूकीसीक्वेन्सएडिट हा कळ दाबून शॉर्टकट नोंदवायचा रकाना क्यूटीत आयता मिळतो, एका दिवसात झालं. त्यात दोन गोष्टी बघाव्या लागल्या. एक, ते मूळचं चार कळांपर्यंतची मालिका घेतं. कोणी कंट्रोल+एस दोनदा दाबलं तर "कंट्रोल+एस, कंट्रोल+एस" असाच शॉर्टकट नोंदवतं. सेट-मॅक्सिमम-सीक्वेन्स-लेंग्थने एकावर आणलं. दुसरं, सेटिंगमध्ये साठवताना शॉर्टकटचं पोर्टेबल रूप (सगळ्या मशिनवर सारखं राहणारं) वापरायचं; नेटिव्ह रूप माणसाला दाखवायला, फाइलमध्ये ठेवायला नाही.

आधीच वापरात असलेली कळ दिली तर प्रोग्राम ती घेत नाही, कोणत्या कमांडकडे आहे ते सांगतो. नुसतं अक्षर किंवा नुसता आकडाही घेत नाही.

मूळच्या कळा परत आणायचं बटणही दिलंय. शेठनी पहिल्याच फेरीत छाप एस्केपवर ठेवून पाहिलं, तेव्हा ते बटण लगेच कामी आलं.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी दुकानात. आवक कमी, सोयाबीन ओसरत चाललंय. दिवाणजी माऊस उलटा करून बाजूला ठेवून बसले होते. एफ८, नाव, गाव, डाग, वजन, भाव, कंट्रोल+ए, कंट्रोल+पी. छपाई सुरू होईस्तोवर पुढच्या शेतकऱ्याचं नाव अर्धं लिहून झालेलं. एकदा वजन राहिलं, लाल ओळ आली, कर्सर वजनावर गेला, त्यांनी मान न वळवता आकडा टाकला.

ताई अजून नवी आवक कंट्रोल+एन नेच उघडतात. ती कळ मूळ यादीत नव्हती, त्यांनी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन दिली. ताईंची कळांची यादी आणि दिवाणजींची यादी आता जवळपास अर्धी निराळी आहे, म्हणून भिंतीवर लावायचा छापील तक्ता रद्द. त्याऐवजी एफ१ दाबला की चालू लॉगिनच्या कळा तेवढ्या दिसतील, यादी थेट ॲक्शनमधून वाचून. हे उद्या.

उरलेलं: काट्यावरून वजन थेट येतं तेव्हा कर्सर आपोआप भावावर उडी मारतो, आणि त्याच क्षणी दिवाणजींचा एंटर पडला तर भावाचा रकाना रिकामाच ओलांडला जातो. काट्याचा पोर्ट वाचणारं कोड फोकस हलवतं, ते थांबवायचं. नवी तूर यायच्या आधी.